चौथा आवाज

काका किराणा दुकानात काडेपेटी घ्यायला गेले की दुकानदार आधीच हात जोडायचा. काका पेटी उघडायचे, मधलीच एखादी काडी काढून ओढायचे. पेटली तर फुंकून विझवायचे, ती जळकी काडी शर्टाच्या खिशात टाकायचे आणि पेटी घ्यायचे. दुसऱ्यांदा ओढल्यावर पेटली, तर पेटी परत.

"अंकलजी, दूसरी बार में जल तो गयी," दुकानदार म्हणायचा.

"दूसरी बार में तो कोई भी जलता है. मुझे पहली बारवाली दो."

उभा जन्म दिल्लीत गेला तरी काकांचं हिंदी नागपूरच्या पुढे सरकलं नव्हतं.

ते माझे घरमालक. लाजपतनगरात त्यांचं लहानसं घर होतं. खाली ते आणि काकू, वर गच्चीवरच्या बरसातीत मी. बरसाती म्हणजे गच्चीत काढलेली एक खोली, उन्हाळ्यात भाजणारी आणि थंडीत गोठवणारी. मी जिंतूरहून आलो होतो. वडील अडतीवर पोती उचलायचे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट म्हणून लागलो आणि ट्रंक घेऊन दिल्लीत उतरलो, तेव्हा खोली मिळता मिळेना. कुणी आडनाव विचारायचं, कुणी वडील काय करतात ते विचारायचं. काकांनी निराळंच विचारलं.

"बाहेर पडल्यावर स्टोव्ह बंद केला की नाही ते बघायला परत येतोस का?"

खरं सांगावं म्हणून मी "हो, येतो" म्हणालो. मला ती माझी खोड वाटायची.

"मग राहा."

त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा 'जिंतूर' झालो. 'जिंतूर, खाली ये.' 'जिंतूर जेवला का विचार गं.' त्या घराचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला तेव्हा पुरतं कळत नव्हतं. रेशनकार्ड त्यांनी करून दिलं. ऑफिसात टिपणी कशी लिहायची ते त्यांनी शिकवलं. मला कावीळ झाली तेव्हा काकू रोज जिना चढून मऊ भात घेऊन यायच्या, आणि मागोमाग काका येऊन तो नीट शिजला आहे का ते बघायचे.

काका दारूगोळ्याच्या तपासणीच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. कारखान्यातून आलेला माल तपासायचा आणि जमेल तेवढा नापास करायचा, यात त्यांची नोकरी गेली. "आता नापास करायला सरकारी माल उरला नाही, म्हणून घरातल्या मालाकडे वळलेत," असं काकू म्हणायच्या. बल्ब, छत्री, कुकरची शिट्टी, दूधवाला, कुणीच सुटत नसे. मीही सुटलो नाही. खात्याच्या परीक्षेत मी पहिल्या वेळी बसलो नि नापास झालो, दुसऱ्या वेळी पास झालो. पेढे घेऊन खाली गेलो तर काकांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "चांगला आहे पेढा. पण दुसऱ्या वेळी पेटलेला माल मी खात्यात कधी घेतला नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, तो काय माल आहे का?"

"मी आपलं सांगितलं."

मी हसलो, पण ते वाक्य बरेच दिवस आत टोचत राहिलं.

त्यांच्याकडे एक ठासणीची बंदूक होती. ती काकूंच्या माहेरची, सावंतवाडीकडची. काकूंचे वडील शेतात उतरणाऱ्या डुकरांसाठी ती बाळगायचे. ते गेल्यावर ती आता कशाला म्हणून पोलिसांत जमा करायचं घाटत होतं, तेव्हा काकांनी रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतली आणि दिल्लीला आणली. डुकरं तर दिल्लीत नव्हती. पण आमचं दिल्लीतलं मराठी मंडळ दर संक्रांतीला पानिपतला जायचं. जिथं मराठे पडले तिथं, 'काला अंब' नावाच्या जागी, फुलं वाहायची, चार शब्द बोलायचे आणि परत यायचं. त्यात काकांनी सुचवलं, की आपण तीन बार काढून मानवंदना देऊ. मंडळ हो म्हणालं, तिकडच्या कचेरीने तीन बारांची परवानगी दिली, आणि तेव्हापासून ते काम काकांचं झालं.

मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या घराण्यातलं कुणी होतं का हो पानिपतावर?"

"कुणी नाही. आमचे सगळे त्या वेळी घरी बसले होते. म्हणून तर मी आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्याची काहीतरी परतफेड नको?"

आता अडचण अशी होती, की त्यांचा पहिला बार उडतच नसे.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिच्यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची आणि वरून कागदाचा बोळा गजाने ठासायचा. मागे, नळीच्या बुडाशी, एक पोलादी बोंड असतं, त्याला आरपार बारीक भोक. त्या बोंडावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतली ठिणगी भोकातून आत जाते आणि दारू पेटते. म्हणजे सगळी भिस्त टोपीवर. निदान काका तसं धरून चालले होते.

पानिपतला दरवर्षी तेच व्हायचं. घोडा पडायचा, टोपी 'टच' करून फुटायची, आणि पुढे काही नाही. काका नवी टोपी बसवायचे, मग बार उडायचा. दुसरा उडायचा, तिसरा उडायचा. फक्त पहिला नाही. पहिल्या वेळेचा ज्या माणसाला एवढा आग्रह होता, त्याच्याच हातून चारचौघांसमोर दरवर्षी पहिला बार चुकायचा. कोणी मुद्दाम चेष्टा केली असती तर इतकी बेमालूम जमली नसती.

म्हणून वर्षभर टोप्यांचा शोध चालायचा. काश्मिरी गेटजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर बऱ्याच शनिवारी गेलो आहे. ते बंदूक नेत नसत. बोंड फिरकवून काढायचे आणि काडेपेटीत घालून न्यायचे. दुकानातल्या लालाजींनी टोप्यांची डबी उघडली की एकेक टोपी बोंडावर घालून बघायचे. अंगठ्याने दाबावी लागली तर ती घट्ट, घोड्याचा मार तिला खाली बसवण्यातच जाणार. बोंड उलटं केल्यावर गळाली तर ती सैल, तिची ठिणगी बाजूने निसटणार. कडेला हिरवट झाक असली तर तिला ओल लागलेली. लालाजी चहा मागवायचे, पिऊन संपवायचे, तरी काकांची निवड चालूच.

"साहब, शेर मारना है क्या?" लालाजींनी एकदा कंटाळून विचारलं.

"नहीं. सलामी देनी है."

"तो सलामी थोड़ी आगे-पीछे हो गयी तो क्या?"

"शेर चूक गया तो जंगल में कौन देखता है? सलामी में पब्लिक होती है."

घरी आणलेल्या टोप्या ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात राहायच्या. काकू म्हणायच्या, "एक दिवस खिचडीतून बार निघेल, आणि तो मात्र पहिल्या वेळी निघेल बघा." संक्रांत जवळ आली की ते निवडलेल्या टोप्या स्वेटरच्या आत, बनियनच्या खिशात घेऊन वावरायचे. अंगाची ऊब असली की टोपी जागी राहते, असं त्यांचं म्हणणं.

आदल्या संध्याकाळी गच्चीवर चाचणी व्हायची. दारू न भरता नुसती टोपी उडवायची, नळीचं तोंड एखाद्या पानाजवळ धरून. पान हललं म्हणजे भोक मोकळं, रस्ता साफ. गच्चीवर पान होतं ते तुळशीचं.

"माझ्या तुळशीवर बंदूक रोखू नका," काकू जिन्यातून ओरडायच्या.

"रोखत नाही, विचारतोय."

टोपी फुटायची, तुळशीचं पान हलायचं, काका समाधानाने मान हलवायचे. मग घोड्याखाली चामड्याचा एक तुकडा ठेवायचे, म्हणजे बोंडाला काही लागू नये, आणि बंदूक पिशवीत घालायचे. पहाटे निघताना पिशवीच्या नाड्या मात्र काकू बांधायच्या. ते काम त्यांनी कधी दुसऱ्याला दिलं नाही. आम्ही बाहेर गाडीपाशी हात चोळत उभे, आणि काकू आत नाड्या बांधतायत. "एवढा वेळ लागतो का गाठ मारायला?" काका म्हणायचे. मग काकू बंदूक दोन्ही हातांवर घेऊन बाहेर यायच्या, तान्हं मूल आणावं तशी.

मी एकदा सुचवलं, "काका, तिथं शेतात गेल्यावर एक रिकामी टोपी उडवून का बघत नाही?"

"परवानगी किती आवाजांची आहे?"

"तीन बारांची."

"बार म्हणजे आवाज. टोपीचा आवाजही आवाजच."

आणि गंमत म्हणजे पहिला बार चुकला की आवाज चार व्हायचे. तीन बारांचे आणि एक त्या चुकलेल्या टोपीचा. कार्यक्रम संपला की काका बंदोबस्ताच्या हवालदारासमोर जाऊन उभे राहायचे. "चार आवाज हुआ. चौथा मेरी गलती." हवालदार दरवर्षी म्हणायचा, "कोई बात नहीं, ताऊ, घर जाओ." त्याने ते 'टच' ऐकलेलंही नसायचं.

बार काढायचे ते स्मारकाच्या कुंपणाबाहेर, एका शेतकऱ्याच्या रिकाम्या तुकड्यात. तो शेतकरी बाजेवर बसून हुक्का ओढत आमची वाट बघत असायचा, आणि यंदा तरी चालेल का, असं आपल्या हरियाणवीत विचारायचा.

"ताऊ, इब के चालेगी के?"

"चलेगी," काका म्हणायचे.

चालायची नाही. आणि चालली नाही, की काका बंदूक खाली आणायचे नाहीत. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर बार उशिरानेही उडतो, म्हणून नळी आभाळाकडे धरून थांबायचं, हा त्यांचा नियम. ते तसेच उभे राहायचे, धुक्यात, मफलर गुंडाळलेले, तोंड वर. माणसं गप्प व्हायची. 'काला अंब'ला त्या दिवशी घोषणा असायच्या, भाषणं असायची, स्पीकर कुरकुरायचा. शांतता म्हणाल तर तेवढीच. मला वाटायचं, आता कुणीतरी हसेल. कुणीतरी हसायचंही. पण बहुतेक लोक काकांबरोबर वर बघत राहायचे.

घरी आलो की काकू दारातच विचारायच्या, "झाला का पहिला?"

"नाही."

"पुढच्या वर्षी होईल. घ्या, तिळगूळ घ्या."

वर्षं अशीच गेली. मला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, लग्न झालं, मुलं झाली, मुलांचं मराठी माझ्या डोळ्यांदेखत पातळ होत गेलं. बदल्या टाळता टाळता मी थकलो. संक्रांतीला पानिपतला जायचं हे आता अंगवळणी पडलं होतं. फार श्रद्धेने जायचो असं नाही. काकांना एकट्याने बंदूक घेऊन जाऊ देणं बरं दिसत नव्हतं म्हणून जायचो. मंडळाची बस बंद झाली, लोक आपापल्या गाड्यांनी येऊ लागले. सेक्रेटरी नवा आला. नोएडात कंपनीत होता, कामाचा मुलगा, सगळं वेळेवर लागायचं त्याला.

तेवढ्यात काकूंची किडनी गेली. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटच्या संक्रांतीला त्या अंथरुणाला टेकलेल्या होत्या, तरी नाड्या मीच बांधणार म्हणाल्या. काकांनी बंदूक पलंगावर ठेवली आणि आम्ही बाहेर थांबलो. बराच वेळ लागला. मी आत जाऊन विचारणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, "झालं, न्या."

त्या वर्षीही पहिला बार गेला नाही. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही काकांना समजवा ना. लोक व्हिडिओ काढतात, मग ग्रुपवर हसतात. मला काकांसाठीच वाईट वाटतं. पुढच्या वर्षी पहिला नाही उडाला तर आपण बंदूक बंद करू. स्पीकरवर तोफेचा आवाज लावू. एकदम क्लिअर येतो."

मी समजवायचं टाळलं, पण काकांनी ते ऐकलं होतं. परतताना वाटेत मुरथलला आम्ही चहाला थांबलो. मग म्हणाले, "मुलगा बरोबर बोलतोय. मी त्या जागी असतो तर मीही हा माल नापास केला असता." आणि थोड्या वेळाने, "एक वर्ष आहे अजून."

घरी काकूंनी पडल्या पडल्या विचारलं, "झाला का पहिला?"

काकांनी स्टूल ओढलं, त्यांच्या पायाशी बसले. "नाही गं. पण यंदा टोपी फार जवळ आली होती."

भाद्रपदात काकू गेल्या.

त्यानंतरच्या संक्रांतीला काका येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. वर्षाच्या आतला सण. पण त्यांचा फोन आला. "सणाला जात नाही मी, जिंतूर. तिथं आपण श्राद्धालाच जातो." पहाटे मी पोचलो तेव्हा बंदूक पिशवीत घालून, नाड्या बांधून तयार होती. गाठ पुरुषी होती, एकावर एक मारलेली.

शेतात धुकं नेहमीसारखंच. शेतकरी म्हातारा झाला होता, पण बाजेवर होता. "ताऊ, इब के चालेगी के?" काकांनी पिशवीच्या नाड्या सोडल्या. दारू भरली, बोळा ठासला, बनियनच्या खिशातून टोपी काढून बसवली. घोडा पडला, आणि बार उडाला. एवढ्या जोरात, की मी दचकलो. शेतातले बगळे उठले. मागून टाळ्या झाल्या. दुसरा उडाला, तिसरा उडाला, सगळं इतक्या झटपट आटोपलं की लोक लगेच चहाकडे वळले. सेक्रेटरीने काकांना शाल घातली. "काका, मान गये. आता स्पीकर कॅन्सल. तुम्ही आहात तोपर्यंत बंदूकच." शेतकरी उठून जवळ आला आणि शाबासकी दिल्यासारखा काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ताऊ, आज तो कती जमा दिया."

काका शाल नीट घडी करत राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "टोप्या कुठल्या होत्या रे?"

"तुम्हीच आणलेल्या, काका. गेल्या वर्षीच्याच डबीतल्या."

"हो. तीच डबी." खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "दारू तीच, धुकं तेच. मग काय बदललं?"

जिंकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा नव्हता. घरी पोचलो, कुलूप काढलं, आणि दारात कुणी विचारलं नाही. ते उंबऱ्यात क्षणभर थांबले, मग आत गेले.

वर्षश्राद्धाला काकूंचा धाकटा भाऊ कोकणातून आला. जेवणं झाली, भटजी गेले, आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. भिंतीवरच्या बंदुकीकडे बघत तो म्हणाला, "ताई गेली. आता हिला कुंकू कोण लावतं, भावोजी?"

"आम्ही कुंकू लावत नाही," काका म्हणाले. "खंडेनवमीला फूल वाहतो. ओल्या कुंकवाने लोखंड खराब होतं. पहिल्याच वर्षी मी तिला ते सांगून टाकलं होतं."

भाऊ हसला. "तुम्ही नसाल लावत. ताई लावायची. मला म्हणाली होती, यांना चालत नाही, म्हणून पिशवी बांधताना हळूच लावते."

काकांनी मान वर केली. "कुठे लावायची?"

"टोपी बसते तिथं. ते तिचं कपाळ नाही का? आमच्याकडे रीतच होती. बंदूक घराबाहेर पडायची तर घरच्या बाईने कुंकू लावायचं. आई लावायची, मग ताई मोठी झाल्यावर ताई."

"मग तुमच्या वडिलांचा पहिला बार चुकत नव्हता?"

"छे, कसा चुकेल? गावाची वेस ओलांडली की बाबा एक टोपी रिकामीच उडवायचे, दारू न भरता. ती वेशीवरच्या देवाची. मग पुढे रान."

"तिला हे माहीत नव्हतं?"

"तिला कसं असणार? बायका उंबऱ्यापर्यंत. वेशीबाहेरचं बाबांना माहीत आणि बरोबर जायचो म्हणून मला."

काका उठले. बंदूक खाली घेतली, घोड्याखालचा चामड्याचा तुकडा काढला आणि उलटा केला. खालची बाजू लालसर होती, मधोमध गडद ठिपका. त्यांनी अंगठा ओला करून त्यावर घासला आणि उजेडात धरला.

"मी चामड्याचा रंग समजत होतो," ते म्हणाले.

म्हणजे काकू ओलं कुंकू बोंडावर टेकवायच्या, वर चामड्याचा तुकडा ठेवायच्या, आणि घोडा ते कुंकू दाबून भोकात बसवायचा. पहिल्या टोपीची सगळी ताकद ते उडवण्यात जायची. दुसऱ्या टोपीला रस्ता मोकळा. एवढं साधं होतं. काश्मिरी गेटचे इतके शनिवार, तांदळातल्या डब्या, बनियनचा खिसा. भाऊ गोरामोरा झाला. आपण बोलायला नको होतं असं त्याला वाटलं असावं. काका त्याला म्हणाले, "नाही, नाही. बरं केलंस सांगितलंस." आणि माझ्याकडे वळून, "टोप्या सगळ्या चांगल्या होत्या, जिंतूर. उगाच नापास केल्या मी."

मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. फाटकाची कडी नीट लागते का ते दोनदा बघितलं. मग म्हणाले, "तुझी ती खात्याची परीक्षा. पहिल्या वेळी गेली ती."

"काका, किती वर्षं झाली त्याला."

"तुझाही रस्ता कुठेतरी बुजलेला असेल त्या वेळी. तू चांगलाच होतास."

मी स्कूटरला किक मारली. ती पहिल्या वेळी लागली नाही, आणि आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

पुढच्या संक्रांतीला मी पहाटे गेलो तर पिशवी उघडीच होती. काका देवघरातून काकूंचा कुंकवाचा करंडा घेऊन आले. अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात टेकवली, आणि बंदुकीच्या बोंडावर, बरोबर भोकावर, बोट ठेवलं. जागा चुकली नाही. वर चामड्याचा तुकडा ठेवला, घोडा हळूच टेकवला.

"काका, तिथंच?"

"तिथंच."

"मग वाटेत कुठेतरी एक टोपी रिकामी उडवून घेऊ या. सावंतवाडीसारखी."

"परवानगी तीन आवाजांची आहे," ते म्हणाले आणि नाड्या बांधायला घेतल्या. गाठ सैल, फुलासारखी मारली. काकू मारायच्या तशी.

शेतात त्या दिवशी गर्दी बरीच होती. मुलं मोबाइल वर धरून उभी होती. सेक्रेटरीने माईकवरून काकांची ओळख करून दिली, मागच्या वर्षीचं कौतुक केलं. म्हातारा शेतकरी काही विचारायच्या भानगडीत पडला नाही, त्याला आता भरवसा होता. काकांनी दारू भरली, बोळा ठासला, टोपी बसवली. चाप ओढला.

टच.

कुणीतरी "अरे यार" म्हणालं. काकांनी बंदूक खाली आणली नाही. नळी आभाळाकडे धरून उभे राहिले, नियमाप्रमाणे. धुकं होतं, मफलर होता, तोंड वर होतं. हळूहळू मोबाइल खाली आले. सेक्रेटरीनेही माईक खाली घेतला. त्या दिवशी काका नेहमीपेक्षा जास्त थांबले. निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी बनियनच्या खिशातून दुसरी टोपी काढली, आणि बार उडाला. पुढचे दोन्ही उडाले.

सेक्रेटरी जवळ आला. चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं. "काका, मग पुढच्या वर्षीपासून आपण..."

"स्पीकर लावा," काका म्हणाले. "आवाज चांगला येतो म्हणालात ना."

मी सामान आवरलं. हवालदार रस्त्याकडेला उभा होता. मी सवयीने थांबलो, काका त्याच्याकडे जाऊन चौथ्या आवाजाचं सांगतील म्हणून. ते गेले नाहीत. सरळ गाडीत येऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली.

"काका, हवालदाराला सांगायचं राहिलं," मी म्हणालो. "चार आवाज झाले."

"राहू दे," ते म्हणाले. "चौथा माझा नव्हता."